खळ्यावरची तूट

"उतर जरा खाली," दौलत काट्याच्या केबिनच्या खिडकीतून म्हणाला.

दर्शन टेम्पोतून उतरला आणि काट्याच्या लोखंडी पाट्यावरून चालत कडेच्या सिमेंटवर जाऊन उभा राहिला. दौलतने समोरच्या यंत्राकडे पाहिलं. पाच हजार चारशे वीस.

"आता परत बस."

"नाना, सकाल सकाल काय खेल लावलाय?" दर्शन हसत पुन्हा चढला. दार आपटलं. आकडा तोच होता, पाच हजार चारशे वीस.

दौलतने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. चष्म्याचा काही दोष नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

दापोड्याच्या गोदामांच्या रांगेत हा धरमकाटा उभा राहिला त्याला बारा वर्षं झाली होती आणि पहिल्या दिवसापासून तिथे दौलतच बसत होता. गाडी रिकामी असताना एकदा तोलायची, माल भरल्यावर एकदा तोलायची आणि चिठ्ठी फाडून द्यायची, एवढंच काम. पण ड्रायव्हर मंडळी वस्ताद. रिकामी गाडी तोलताना आत बसून राहायचे, भरलेली तोलताना हळूच उतरायचे, आणि तेवढ्या वजनाचा माल मधल्यामध्ये गडप व्हायचा. म्हणून दौलतने आपला एक नियम केला होता. ड्रायव्हरसकट एक आकडा बघायचा, ड्रायव्हर उतरवून दुसरा बघायचा. डिझेल कमीजास्त असतं, चाकांना चिखल असतो, पण या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे निव्वळ माणूस. कोणाचं पोट सुटलं, कोण काविळीतून उठला, हे ड्रायव्हरांच्या बायकांच्या आधी दौलतला कळायचं. काटा पाच-पाच किलोने मोजतो म्हणून बरं, नाहीतर कोण उपाशी आलाय तेही कळलं असतं, असं तो गमतीने सांगायचा.

दर्शनचे पासष्ट भरायचे. आज त्याचं काहीच भरलं नव्हतं.

"निघू काय?" दर्शनने विचारलं.

"माल कुठं भरतोस?"

"राहनाळला. चारपर्यंत भरून येतो तुमच्याकडंच. रातची वापी धरायची हाय."

दौलतने मान हलवली. टेम्पो गेला. तो गेल्या गेल्या गंगू खराटा घेऊन पाट्यावर आली. काट्यावर माती साचली की वजन चुकतं, म्हणून दिवसातून चार वेळा तो झाडावा लागतो. ते काम गंगूकडे होतं. गंगू ही दर्शनची आई. टेकडीवरच्या पाड्यावरून ती पहाटेच निघायची. लहानपणी दर्शन फार किडकिडीत होता. अंगणवाडीच्या बाई त्याला झोळीच्या काट्यात टांगायच्या आणि दर खेपेला मान हलवायच्या. ते गंगूच्या मनात असं रुतून बसलं होतं की पोरगा सव्वीस वर्षांचा झाला तरी तिचा रोजचा प्रश्न चुकत नसे.

"शेठ, किती भरला आज माजा दर्शन?"

"पासष्ट," दौलत म्हणाला.

"हाय ना?" गंगू समाधानाने झाडायला लागली. दौलतने खिडकीची काच ओढून घेतली.

हा प्रकार तिसऱ्यांदा होत होता.

पहिला हिरामण. शेलार गावचा धिप्पाड ड्रायव्हर, नव्वद किलोचा. तीन वर्षांमागे, असेच दिवाळीनंतरचे दिवस, हिरामण काट्यावर चढला आणि उतरला आणि आकडा ढिम्म हलला नाही. दौलतने मालकांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री वजनाचे ठोकळे घेऊन आला, एकेक ठोकळा मांडून बघितला आणि काटा चोख असल्याचं सांगून चहा पिऊन गेला. त्याच दुपारी हिरामण स्वतःच्या घरी, जेवून झोपाळ्यावर बसल्या बसल्या गेला. ना गाडी, ना घाट, ना दारू.

दुसरा नवशा. गंगूचा नवरा, दर्शनचा बाप.

हा काटा आज जिथे आहे तिथे पूर्वी दौलतच्या बापाचं खळं होतं. भोवती भाताची खाचरं आणि मधे हे शेणाने सारवलेलं खळं. नवशा त्यांचा गडी. वीस वर्षं त्याने याच जागेवर भात झोडला. मग गोदामवाले आले, गावाने जमिनी दिल्या, दौलतनेही दिली. दौलतचं दोन मजली घर झालं, शिवाय काट्यावरची ही नोकरी. नवशाला काय मिळालं, हे कोणी विचारलं नाही. दौलतनेही नाही. नवशा त्याच जमिनीवरच्या गोदामात पाठीवरून खोके वाहायला लागला आणि दोघांची रोज गाठ पडायची, तेव्हा दौलत त्याला चहा पाजायचा. आपण माणुसकी सोडलेली नाही, एवढं समाधान एका चहात मिळत असे.

एक दिवस नवशा भरलेल्या ट्रकच्या मागे उभा राहून काट्यावर आला. त्याला उतरवलं, आकडा तोच राहिला. दौलतला हिरामण आठवला. तरी तो हसून म्हणाला, "नवशा, तुज्यात काय वजनच न्हाय राहिला रं."

नवशाही हसला. "कुठून राहील शेठ? सगला तुमच्या खल्यावर सांडला."

दुसऱ्या दिवशी गोदामात खोक्यांची थप्पी त्याच्या अंगावर आली. दौलत मयताला गेला, चार माणसं सोडून लांब बसला आणि कोणाशी न बोलता परत आला. तेव्हापासून त्याला झोप कमी झाली. कारण हिरामणच्या वेळी त्याला काही ठाऊक नव्हतं. नवशाच्या वेळी ठाऊक होतं. नुसतं काय होणार तेच नव्हे, काय करता आलं असतं तेही ठाऊक होतं. तो गप्प बसला होता.

आता नवशाच्या पोराची पाळी आली होती.

दुपारी एकला हौसा डबा घेऊन आली. दौलतची बायको. तिलाही काट्याचं वेड. सरळ वाटेने न येता ती मुद्दाम पाट्यावरून यायची आणि बाहेरच्या भिंतीवरच्या मोठ्या लाल आकड्यांकडे मान वर करून बघायची.

"डब्यासकट पंचावन्न," ती आत येऊन म्हणाली. "तुमी सत्तर. दोघांचा मिलून सव्वाशे. बारा वर्सांत येक गिराम हलला न्हाय. असा जोरा दापोड्यात दावा मना."

दौलतने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकट. एरवी डबा उघडताच तो तुटून पडायचा. आज पहिला घासच तोंडात फिरत राहिला.

"घरामागचा भात पिकलाय," हौसा म्हणाली. "लोंब्या पार वाकल्यात. परवा कापू. विला धार लावायला टाकलाय, सांजचा आनते."

जमीन गेल्यावर घरामागे चार गुंठे उरले होते. यंदा कितीतरी वर्षांनी दौलतने तिथे स्वतः लावणी केली होती. लोक हसले होते. विकत पोत्याने तांदूळ आणणाऱ्याने चार गुंठ्यांत चिखल तुडवावा, हे हसण्यासारखंच होतं. पण सकाळी उठून त्या हिरव्या चौकोनाकडे बघताना दौलतला बरं वाटायचं. त्या भाताची पेज प्यायची असं त्याने ठरवलं होतं.

"हौसा," तो म्हणाला, "बाबाच्या टायमाला मापताना गड्याची पाटी अपुरी राहिली, तं काय करायचे गो?"

"तुमी काय इसरलाव?"

"तू सांग."

हौसाने पदराने वारा घेतला. "सगल्यांची मापा झाली का शेवटाला गड्याची पाटी भरायची. रास सपली आन पाटी अपुरी राहिली, तं घरधन्यानी पायातल्या चपला काराच्या, खल्यात यायचा आन आपल्या वाट्यातला भात दोन हातांच्या वंजलीनी त्याच्या पाटीत टाकायचा. पयल्या वंजलीला येक न्हाय बोलायचा, लाभ बोलायचा. येकदा मामंजींनी बियानाचा भात दिला. सासूबाई दोन दिस बोलल्या न्हाय त्यांच्याशी."

"आन न्हाय भरली तं?"

"तं हंगाम सपला तरी खला उठवायचा न्हाय. गड्याची पाटी अपुरी ठेवून उठवला, तं खला वाट बघत बसतो, असा मामंजी बोलायचे." तिने डबा त्याच्यापुढे सरकवला. "आज काय हो ह्या?"

"मंग आपला खला कवा उठवला?"

हौसाने खिडकीतून काट्याकडे पाहिलं. "आपला कुठं उठवला. त्याच्यावर शिमीट परला."

ती रिकामा डबा घेऊन गेली तेव्हा डबा तसा रिकामा नव्हता. एक भाकरी त्यात तशीच होती. ते तिने पाहिलं होतं.

दौलत चारपर्यंत बसून राहिला. मधे सतरा गाड्या तोलल्या, चिठ्ठ्या फाडल्या, एका ड्रायव्हरला उतरवायचं विसरला. त्याला मरणाची भीती वाटत होती. अगदी उघडी भीती. माणसाने साठीला टेकल्यावर असं घाबरू नये असं म्हणतात, पण म्हणणारे बहुतेक तिशीतले असतात. त्याला उन्नतीची, आपल्या मुलीची आठवण आली. ती कल्याणला दिली होती, रविवारी येणार होती. साखरेच्या आजाराची गोळी सकाळी घ्यायची राहिली होती ती त्याने आत्ता घेतली, आणि घेतल्यावर स्वतःचंच हसू आलं.

दर्शनला सांगावं की आज जाऊ नको? हिरामण तर घरात बसल्या बसल्या गेला होता. गंगूला सांगावं? काय सांगणार? काटा खोटा आहे असं स्वतःला समजवावं? ते तो नवशाच्या वेळी करून चुकला होता. दुसरा एक सोपा मार्ग होता. दर्शनची गाडी येईल तेव्हा चिठ्ठी फाडायची, वर बघायचंच नाही. कोणी विचारलं नसतं. गंगूने उद्या विचारलं असतं, किती भरला, एवढंच.

चार वाजून दहा मिनिटांनी दर्शनचा टेम्पो माल भरून काट्यावर चढला. बाहेरच्या भिंतीवर आकडा उमटला. अकरा हजार दोनशे चाळीस.

"उतर," दौलत म्हणाला.

दर्शन उतरला. अकरा हजार दोनशे चाळीस.

"बस वर. आन मी सांगतो तवर हलू नको."

"नाना, तुमची तब्येत बरी हाय ना?"

"बस म्हनतो ना."

दौलतच्या केबिनच्या दारावर दसऱ्याचं तोरण अजून होतं. झेंडूची फुलं केव्हाच काळी पडली होती, पण त्यात हौसाने गुंफलेल्या नव्या भाताच्या लोंब्या होत्या, घरामागच्याच. दौलतने लोंब्या ओरबाडून दाणे काढले. जेमतेम ओंजळ झाली, तीही उथळ. मग त्याने दाराशी चपला काढल्या आणि अनवाणी पाट्यावर गेला. लोखंड दिवसभराच्या उन्हाने तापलेलं होतं.

भिंतीवर सत्तर वाढले. अकरा हजार तीनशे दहा.

खळ्याच्या मधला खांब कुठे होता ते त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. लहानपणी त्या खांबाभोवती फिरणाऱ्या बैलांच्या मागे तो धावायचा. ती जागा टेम्पोच्या पुढच्या चाकाशी येत होती. तो तिथे उभा राहिला. मागे रांगेत एक ट्रक लागला होता, त्याचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना.

"ओ चाचा, पूजा बाद में करना," तो ओरडला. "मेरे को नासिक जाना है."

दौलतला शब्द आठवेनात. बाप काय म्हणायचा ते त्याने कधी नीट ऐकलंच नव्हतं, कारण त्या वेळी सगळ्या पोरांचं लक्ष खळ्यावर शिजणाऱ्या खिरीकडे असायचं. त्याने दर्शनच्या बाजूचं दार उघडलं आणि दाणे त्याच्या पायाशी, पायरीच्या पत्र्यावर सोडले.

"लाभ," तो म्हणाला. मग हळू आवाजात, जमिनीकडे बघून म्हणाला, "नवशाची पाटी अपुरी राहिली होती. घरधन्यातला घे आन माप पुरा कर."

काही झालं नाही. वारा नाही, आवाज नाही. दाणे पत्र्यावरून घरंगळून खाली पाट्याच्या फटीत गेले. दर्शन डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत होता. दौलतला भयंकर लाज वाटली. म्हाताऱ्याला चळ लागला, हे उद्या सगळ्या गोदामांत पसरणार होतं. आणि खरं सांगायचं तर त्या लाजेच्या तळाशी त्याला सुटल्यासारखंही वाटलं. आपण केलं, झालं नाही, आपला दोष नाही.

मग त्याने भिंतीकडे पाहिलं. अकरा हजार तीनशे दहाचे अकरा हजार तीनशे पाच झाले होते.

दौलत पाट्यावरून उतरून सिमेंटवर गेला. अकरा हजार तीनशे पाच. तो परत चढला. अकरा हजार तीनशे पाच.

"दर्शन, उतर."

दर्शन उतरला. दोनशे चाळीस.

"चढ."

तीनशे पाच.

दौलत टेम्पोच्या दाराला धरून उभा राहिला. पायांखाली लोखंड तापलेलं होतं, अंगाला घाम होता, छातीत धडधडत होतं, सगळं अगदी जिवंत माणसाचं होतं.

"नाना, डोल्यात पानी का तुमच्या?"

"धूल गेली. गारी हलू चालव. जेवलास?"

"न्हाय अजून."

"पयला जेव. रस्त्यात कुठं चांगला धाबा बघून जेव. पोटभर जेव."

दर्शनला यातलं काही कळलं नाही. पण म्हातारी माणसं अशी वेळी-अवेळी हळवी होतात हे त्याला आईवरून ठाऊक होतं. त्याने दौलतने फाडून दिलेली चिठ्ठी खिशात घातली, हात केला आणि टेम्पो काढला. मागच्या नाशिकवाल्या ट्रकला दौलतने आपल्या नियमाप्रमाणे दोन आकडे बघून, उतरवून, चढवून मगच सोडलं. तो ड्रायव्हर पंचाहत्तरचा भरला.

पाच वाजता गंगू शेवटचं झाडायला आली. पाट्याच्या फटीत खराट्याची काडी घालून तिने चार दाणे बाहेर काढले.

"ह्यो भात कुठला शेठ?"

"तुमचाच हाय. नवशाचा."

शेठ असं काही बोलत नसे. तिने दाणे खराट्याने लोटून दिले नाहीत, वेचून पदराच्या गाठीत बांधले. वर्षानुवर्षं राबल्यावर खळ्यात खाली पडलेला दाणा उचलायची सवय हाताला असते.

"आन माजा दर्शन? किती भरला?"

"पासष्ट," दौलत म्हणाला. "सकाली मी नीट बघितला नव्हता, गंगू. आता नीट बघितला. पुरा पासष्ट."

"मंग बरा हाय," म्हणून ती पाड्याच्या वाटेला लागली. सहाच्या आत टेकडी चढायची म्हणून घाईघाईने गेली.

दौलतने यंत्रावरचा रुमाल घडी करून ठेवला. चिठ्ठ्यांचं बाड नीट लावलं. उद्या जो कोणी बसेल त्याला सापडावं म्हणून पेन दोऱ्याने टेबलाला बांधलं. पश्चात्ताप होतो का असं कोणी विचारलं असतं, तर त्याने हो म्हटलं असतं. त्याला आणखी जगायचं होतं. फुकट मिळालं असतं तर शंभर वर्षंसुद्धा. पण नवशाच्या मयतानंतर पहिल्यांदाच त्याला वाटलं की आज घरी जाऊन आडवं झालो तर लगेच डोळा लागेल.

उन्हं उतरत होती. दाराशी चपला घालताना त्याला हौसा दिसली. हातात नव्या धारेचा विळा, कागदात गुंडाळलेला. ती नेहमीसारखी पाट्यावरून येत होती, आणि तो तिला सामोरा गेला. तिला अडवावं, कडेने ये म्हणावं, हे सुचायच्या आत दोघे काट्याच्या मधोमध आले होते.

हौसाने सवयीने मान वर केली.

"अवो, ह्या काय? दोघांचा मिलून पंचावन्न?"

दौलतने वर पाहिलं नाही. "बिघरलाय."

"सव्वाशेच्या जागी पंचावन्न? मिस्त्रीला फोन करा."

"करतील ते. विला दे इकरं, हात कापशील." त्याने विळा तिच्या हातातून घेतला. "हौसा, भात उद्याच कापू. परवा नको."

"उद्या ड्युटी न्हाय काय?"

"न्हाय. उजारला का लागू. दुपारच्याला नवा भात कांडून पेज कर."

"येका दिसात कुठला भात सुकतो आन कांडतो? लग्नाला पस्तीस वर्सा झाली, अजून कलत न्हाय तुमाला."

"वोला तं वोला. थोडा कांड."

हौसा हसली. त्याच्या हट्टाचं तिला नवल वाटलं, आणि बरंही वाटलं. कितीतरी दिवसांनी हा माणूस काहीतरी मागत होता. "बरा," ती म्हणाली. "चला मंग. घरी दिवा लावायचा हाय."

दौलत आधी उतरला आणि तिला हात द्यायला थांबला. भिंतीवर पंचावन्नचा आकडा होता तसाच होता. हौसाने त्याचा हात धरून पाय सिमेंटवर टेकला तेव्हा तो शून्य झाला.